शेजारच्याकडं कान ठेवा : सांगलीत बसून जॅझ ऐकायला लागताना

मिरजेला आमच्या तबल्याच्या सरांकडं मी नगमा धरायला पेटीवर बसायचो. तबला न शिकलेल्यांसाठी सांगतो : तबलजी एकटा वाजवत असतो तेव्हा पेटीवाल्यानं एकच छोटी सुरावट आवर्तनामागून आवर्तन वाजवत राहायची, म्हणजे सम, आवर्तनाची पहिली मात्रा, कुठं आहे ते त्यालाही कळतं आणि ऐकणाऱ्यालाही. या कामाला टाळ्या मिळत नाहीत. बारावीच्या सुट्टीत एका मित्रानं मला ‘टेक फाइव्ह’ नावाचं जॅझ ऐकवलं. मध्येच सॅक्सोफोन थांबला, ड्रमवाला सुटला, आणि पियानोवाला खाली पाच मात्रांचा तोच तो तुकडा वाजवत राहिला. मी म्हणालो, “अरे, हा तर नगमा धरतोय!”

तो पियानोवाला डेव्ह ब्रुबेक. रचना त्याच्या सॅक्सोफोनवाल्याची, पॉल डेझमंडची. ड्रमवर जो मोरेलो, साल १९५९. त्याच्या आदल्या वर्षी ब्रुबेक भारतात येऊन गेला होता आणि मुंबईत सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांबरोबर वाजवायला बसला होता, हे मला फार नंतर कळलं.

त्या दिवसापासून मी जॅझ पियानोच्या नादी लागलो. आता शनिवार-रविवार पुण्या-मुंबईला वाजवतो आणि इतर दिवशी सांगलीत शिकवतो. शिकायला येणाऱ्यांपेक्षा नुसतं विचारायला येणारे जास्त. “दादा, जॅझ ऐकायचंय, पण डोक्यात शिरत नाही. कुठनं सुरू करू?” त्यांना जे तोंडी सांगतो तेच इथं लिहून ठेवतोय. आमच्या भागातल्या माणसाला हे जड जायचं काही कारण नाही. मिरजेच्या दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या स्मृतीतली सभा रात्रभर ऐकणारी माणसं आपण. उत्स्फूर्त वाजवणं कशाशी खातात ते आपल्याला माहीत आहे. कान फक्त थोडा बाजूला वळवायचाय.

पहिली पायरी : फोनवर ऐकू नका

म्हणजे फोनच्या स्पीकरवर नको. डबल बास म्हणजे उभं धरून वाजवायचं मोठं तंतुवाद्य. त्याची सगळ्यात खालची तार साधारण ४१ हर्ट्झला बोलते आणि फोनचा इवलासा स्पीकर तिथवर पोचतच नाही. बास गेला की जॅझ म्हणजे डग्गा काढून ठेवलेला तबला. “नुसता गोंगाट वाटतो” म्हणणारे निम्मे लोक फोनवर ऐकणारे असतात, असा माझा अनुभव आहे. महागाची साउंड सिस्टिम लागत नाही, वायरवाले साधे हेडफोन चालतात. फक्त ते लावून भडंग खाऊ नका. ड्रमवाले कधीकधी काठीऐवजी तारांचा ब्रश घासतात. माझा एक विद्यार्थी चार मिनिटं “ड्रमवाला काय ब्रश मारतोय” म्हणून खूष होता. ते त्याचंच भडंग होतं.

दुसरी पायरी : टाळी दोनवर आणि चारवर

भजनात आपली टाळी समेवर पडते. जॅझमध्ये चार मात्रांचं एक माप धरलं, तर जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो. ड्रमवाला पायानं दोन झांजा एकमेकींवर मिटतो, ‘चिक्’ असा आवाज येतो, तो तिथंच. पहिला आठवडा फक्त हा ‘चिक्’ शोधा आणि त्याच्यावर चुटकी वाजवा. हात आपोआप एकवर जाईल. जाऊ दे, पुन्हा पकडा.

दुसरी गोष्ट डुलण्याची. एका मात्रेत दोन स्वर आले की पहिला लांब, दुसरा आखूड. मध्यम लयीत साधारण दोन भाग पहिल्याला, एक दुसऱ्याला. लय चढली की ते सरळ होत जातं. याला स्विंग म्हणतात. त्याचं गणित पाठ करण्यात अर्थ नाही. सांगलीच्या आयर्विन पुलावरून सायकल मारत जाताना ऐका, पाय सांगतील.

तिसरी पायरी : पेटी काढा आणि आवर्तन मोजा

लोक इथंच चुकतात, म्हणून जरा थांबतो. नवखा माणूस जॅझ ऐकतो तेव्हा त्याला वाटतं, सुरुवातीला एक चाल वाजली आणि मग प्रत्येकजण मनाला येईल ते वाजवतोय. तसं नसतं. चाल संपली तरी तिचा सांगाडा फिरतच राहतो, आणि प्रत्येकाला त्या सांगाड्यावरच वाजवायचं असतं. आपल्याकडं सोळा मात्रांचं आवर्तन, तिथं बहुतेक वेळा बत्तीस मापांचं. म्हणजे १२८ मात्रा. आवर्तन फार मोठं असल्यामुळं सम दिसत नाही, एवढाच घोळ आहे.

माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या १९५९ सालच्या रेकॉर्डमधलं पहिलंच गाणं घ्या, ‘सो व्हॉट’. नऊ मिनिटांच्या थोडं वर आहे. पेटीवर पांढरी दोनला सा धरा आणि नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवरून वरच्या सा पर्यंत जा. काय वाजलं? काफी थाट. तिकडं त्याला डोरियन म्हणतात. पहिली आठ मापं हा काफी, पुढची आठ मापं पुन्हा हाच. मग सगळा मांडव उचलून अर्धा स्वर वर : सा काळी दोनवर, तिथं आठ मापं काफी. आणि शेवटची आठ मापं परत पांढरी दोनला. संपलं आवर्तन. साधारण एका मिनिटात एक फिरतं.

आता रेकॉर्ड लावा. सुरुवातीचा संथ तुकडा सोडून द्या. मुख्य चाल बास वाजवतो आणि बाकीचे दोन ठोक्यांत “हो, बरं!” म्हणाल्यासारखं उत्तर देतात. तिथून मोजायला लागा. पेटीवर पांढरी दोन नुसती दाबून ठेवा आणि सोळा मापं झाली की काळी दोनवर सरका. सूर जुळला तर तुम्ही आवर्तनात आहात. नाही जुळला तर कान लगेच सांगेल. ट्रम्पेटवर माइल्स दोन आवर्तनं वाजवतो, मग सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन दोन, मग सॅक्सोफोनवरच कॅननबॉल अॅडरली दोन, आणि पियानोवर बिल इव्हान्स एकच.

माझ्याकडं येणाऱ्यांना ही पायरी ओलांडायला चार-पाच दिवस लागतात. ज्यांनी कधी तबल्याचा ठेका धरलाय त्यांना एक संध्याकाळ.

चौथी पायरी : सोलोवाल्याला सोडा

आता माझं मुख्य म्हणणं. आपल्याला सवय मुख्य गायकाकडं कान लावायची. जॅझमध्ये सोलो कोण घेतंय, म्हणजे पुढं होऊन कोण वाजवतंय, ते ऐकूच येतं, त्याला मुद्दाम ऐकावं लागत नाही. कान त्याच्या शेजारच्याकडं ठेवा.

‘सो व्हॉट’मध्ये इव्हान्सची पाळी येते तेव्हा मागं काय चाललंय ते ऐका. मघाशी चालीत जे दोन ठोके उत्तर म्हणून आले होते, तेच आता ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाले त्याच्यामागं टाकत राहतात. नेहमी पियानोवाला त्यांना साथ करतो, इथं ते त्याला करतात. नगमा उलटा फिरलाय. हे मला दोनशेव्यांदा ऐकताना कळलं.

पियानोच्या साथीला जॅझवाले कॉम्पिंग म्हणतात. ती सलग नसते, मधूनच दोन-तीन स्वरांचे ठोके पडतात : कधी सोलोवाल्याच्या वाक्याखाली रेघ मारायला, कधी त्याला ढकलायला. चांगला साथीचा पेटीवाला गायकाच्या मागोमाग जातो. जॅझचा पियानोवाला बऱ्याचदा शेजारून जातो आणि क्वचित आडवाही जातो.

पियानोवाला हर्बी हॅन्कॉक हा किस्सा नेहमी सांगत आलाय. साठच्या दशकात स्टुटगार्टला माइल्सबरोबर हेच ‘सो व्हॉट’ चाललेलं, मैफल रंगलेली, आणि माइल्सच्या ऐन सोलोत यानं साफ चुकीचा कॉर्ड (एकदम दाबलेले तीन-चार स्वर) मारला. माइल्स क्षणभर थांबला आणि त्यानं असे स्वर वाजवले की तो कॉर्ड बरोबर ठरला. हॅन्कॉक म्हणतो, मी चूक म्हणून ऐकलं, त्यानं फक्त घडलेली गोष्ट म्हणून ऐकलं. आमच्याकडं तबलजी समेवर चुकला तर चार जण त्याच्याकडं वळून बघतात, त्याची मला यावरून हटकून आठवण होते.

थेलोनियस मंक हा दुसऱ्या टोकाचा पियानोवाला. तो कित्येकदा साथच करत नसे. दुसऱ्याचा सोलो चालू असताना पियानोवरून उठायचा आणि तिथंच गोल गोल फिरत नाचायचा. सोलोवाला बास आणि ड्रमच्या भरवशावर. वेडेपणा वाटतो, पण कोल्ट्रेनला त्या मोकळ्या जागेत काय सापडलं ते ऐकायचं तर कार्नेगी हॉलची त्यांची २९ नोव्हेंबर १९५७ ची मैफल आहे. तिच्या टेपा अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पडून होत्या, २००५ साली सापडल्या आणि त्याच वर्षी रेकॉर्ड निघाली. त्यात मंक बऱ्यापैकी बसून वाजवतोय. एकमेकांना चिकटलेले दोन स्वर तो एकदम दाबतो, ते आधी चूकच वाटते. दोन दिवसांनी बाकीचे पियानोवाले फार गुळगुळीत वाटायला लागतात.

बाकी नावं भराभर. ऑस्कर पीटरसनचं ‘नाइट ट्रेन’ पहिल्या दिवशीच आवडतं, खुशाल लावा. आर्ट टेटम इतक्यात नको. त्याचा हात असा चालतो की सुरुवातीलाच ऐकलं तर बाकीच्यांना काही येत नाही असं वाटायला लागतं, आणि तो बहुतेक एकटाच वाजवतो, म्हणजे शेजारी नाहीच. बड पॉवेल सहा महिन्यांनी. आपल्याकडचे लुइझ बँक्स जरूर ऐका. दार्जिलिंगचा जन्म, पण कारकीर्द मुंबईत. आणि घरात कुणाला जॅझ परकं वाटत असेल तर सी. रामचंद्रांची पन्नासच्या दशकातली धमाल गाणी लावून द्या. गोव्याचे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट त्यांचे साहाय्यक होते. आजीसुद्धा आधीपासून हेच ऐकत आलीय.

पाचवी पायरी : एकच गाणं, एकच दिवस, दोनदा

२५ जून १९६१, रविवार. न्यूयॉर्कमधला व्हिलेज व्हॅनगार्ड हा तळघरातला क्लब. बिल इव्हान्स, बासवर स्कॉट लफारो, ड्रमवर पॉल मोशन. एका दिवसात पाच बैठका झाल्या, सगळ्या रेकॉर्ड झाल्या. अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लफारो गाडीच्या अपघातात गेला. पंचवीस वर्षांचा होता.

त्या दिवसाच्या ध्वनिमुद्रणाचा संपूर्ण संच २००५ साली निघाला, तो शोधा. त्यात ‘ग्लोरियाज स्टेप’ ही लफारोची रचना तीनदा आहे. पहिल्या वेळी मध्येच वीज गेल्यामुळं मुद्रण तुटलंय. हे वाचलं तेव्हा मला न्यूयॉर्क एकदम आमच्या शेजारच्या कुपवाडइतकं जवळ वाटलं. उरलेली दोन मुद्रणं पाठोपाठ ऐका आणि दोन्ही वेळा फक्त बास ऐका. लफारो खालून मात्रा मोजत बसत नाही, इव्हान्सच्या वाक्यात बोलतो. इव्हान्स त्याला जागा देण्यासाठी हात उचलतो, आणि मोशन कित्येकदा ताल नुसता सुचवून सोडून देतो. दुसऱ्यांदा ऐकताना लक्षात येतं की पहिल्या वेळचं एकही संभाषण जसंच्या तसं परत आलेलं नाही. मागं ग्लास वाजतात, कुणीतरी हसतं. निम्म्या लोकांचं लक्षच नव्हतं. मी हॉटेलात वाजवतो तेव्हा त्या ग्लासांचा मोठा आधार वाटतो.

रेकॉर्ड म्हणजे त्या रचनेची अखेरची प्रत नाही. तो एका दिवसाचा फोटो आहे. म्हणून “सगळ्यात चांगली रेकॉर्ड कुठली” या यादीच्या मागं लागू नका. एकच चाल घेऊन चार जणांची चार मुद्रणं जमवा. यमन शिकताना आपण तेच करतो.

शेजारी कुणीच नसेल तर काय, हे कीथ जॅरेटच्या कोलोनच्या मैफलीत कळतं. २४ जानेवारी १९७५, आयोजक अठरा वर्षांची एक मुलगी, आणि मागितला होता त्याऐवजी स्टेजवर आलेला लहान, खराब पियानो. वरचे स्वर पत्र्यासारखे, खालचे पोकळ. जॅरेट आधी वाजवायला तयार नव्हता. शेवटी बसला आणि तास-सव्वा तास मनातलं वाजवलं, बराचसा वेळ मधल्या पट्ट्यांत, डाव्या हातानं तोच तोच तुकडा फिरवत.

हे मला २०१९ पर्यंत कळलं नव्हतं. गावभागात आमच्या घरी मुंबईहून आणलेला एक जुना उभा पियानो होता. त्या ऑगस्टला पाणी चढायला लागलं तेव्हा कीबोर्ड माळ्यावर गेला, गाद्या गेल्या, पियानो चौघांनाही उचलेना. पाणी उतरल्यावर झाकण उघडलं तर खालच्या पट्ट्या फुगून एकमेकींत अडकलेल्या, आत नदीचा गाळ. मधले अडीच सप्तक तेवढं चालत होतं. दुरुस्तीला माणूस येईपर्यंत दोन महिने मी त्या अडीच सप्तकांत वाजवलं. तेव्हा कोलोनची रेकॉर्ड पुन्हा लावली आणि डावा हात तिथं का अडून बसलाय ते बोटांना कळलं.

सहावी पायरी : समोर बसून ऐका

सांगलीत जॅझ वाजत नाही, हे मान्य करून टाकू. रात्री मिरज किंवा सांगलीहून महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली की सकाळी मुंबई. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात जॅझचे कार्यक्रम होतात. पुण्यात जागा बदलत राहतात, तिथल्या वाजवणाऱ्यांना विचारून घ्यावं.

तिकीट काढताना प्रेक्षकांच्या डाव्या बाजूची खुर्ची घ्या. पियानोचं झाकण प्रेक्षकांकडं उघडावं म्हणून पियानोवाला डावीकडं बसतो, त्याचे हात तिकडूनच दिसतात. उजवीकडून फक्त त्याचं तोंड दिसतं. तेही पाहण्यासारखं असतं म्हणा.

टाळ्या प्रत्येक सोलो संपल्यावर वाजवायच्या, गाणं चालू असलं तरी. मधेच “क्या बात है” निघून गेलं तर कुणी रागावत नाही. बासचा सोलो लागला की लोक हटकून गप्पा सुरू करतात, कारण आवाज कमी होतो. तेवढं करू नका. त्या वेळी पियानोवाल्याचे हात कुठं आहेत ते बघा.

सातवी पायरी : स्वतः वाजवायचं असेल तर

पेटीवाल्यांचा उजवा हात तयार असतो. डावा आयुष्यभर भात्यावर गेलेला असतो. माझा डावा उजव्याच्या दहा वर्षं मागं होता. म्हणून कीबोर्ड लागतोच. सुरुवातीला ६१ पट्ट्यांचाही चालेल, पुढं जड पट्ट्यांचा ८८चा घ्या.

डाव्या हाताला सगळा कॉर्ड देऊ नका. फक्त गंधार आणि निषाद द्या, खालचा सा बास वाजवणार आहे. करून बघा : पांढरी दोनच्या मायनर कॉर्डसाठी पांढरी चार आणि वरची पांढरी एक. आता चार तशीच ठेवून वरचं बोट पांढरी एकवरून अर्धा स्वर खाली, पांढरी सातवर आणा. झाला पांढरी पाचचा कॉर्ड. मग सात तशीच ठेवून पांढरी चारवरचं बोट तीनवर. आलात पांढरी एकला, घरी. दर वेळी एकच बोट, अर्धाच स्वर. जॅझच्या निम्म्या चाली या तीन पावलांवर चालतात. मेट्रोनोम, म्हणजे लयीची टकटक देणारं यंत्र, साठवर लावा आणि त्याची टकटक एक-तीन नाही, दोन-चार आहे असं धरून हेच वाजवा. पहिल्या दिवशी डोकं दुखेल.

मग कधीतरी जॅमला, म्हणजे आयत्या वेळी जमून एकत्र वाजवायच्या बैठकीला, जाल. माझा पहिला जॅम पुण्यात होता, जागेचं नाव राहू दे. मी घाबरलेला, म्हणून थांबलोच नाही. सॅक्सोफोनच्या सोलोत मी, गिटारच्या सोलोत मी, बासच्या सोलोतही मी भरभरून. गिटारवालाही कॉर्ड वाजवतोय आणि दोघांचे एकमेकांवर आपटतायत, हे मला ऐकूही येत नव्हतं. पन्नाशीचे एक गोव्याचे बासवाले होते. गाणं संपल्यावर काही बोलले नाहीत. पुढचं सुरू व्हायच्या आधी वाकून कानात म्हणाले, “बाबा, माझ्या वेळेला हात मांडीवर ठेव हां.”

ठेवले. बत्तीस मापं हात मांडीवर आणि मी नुसता मोजत होतो. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला आवर्तन सबंध ऐकू आलं.

जाण्याआधी तीन गोष्टी तयार ठेवा : दोन चाली पाठ, त्यांची पट्टी, आणि लय तोंडानं मोजून द्यायची सवय. स्टेजवर पोचल्यावर आधी गिटारवाल्याला विचारायचं, “कॉर्ड तुम्ही धरताय की मी?” शेवटी चार-चार मापांची देवाणघेवाण होईल, ती आपल्या सवाल-जवाबासारखीच असते. फक्त ड्रमवाल्याच्या चार मापांत मोजणं सोडायचं नाही. तो तिहाई घेऊन समेवर आणून सोडत नाही, तिथं तुमचं तुम्हीच यायचं असतं. चुकलात तर बासकडं बघा. तो मानेनं एक दाखवतो.